नवं गिऱ्हाईक आणि स्पॅमची गाळणी

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीला येणारा सगळ्यात मोलाचा मेल कसा दिसतो, याचा विचार आधी करायला हवा. पाठवणारा अनोळखी असतो, पत्ता परदेशातला असतो आणि त्या पत्त्याशी यापूर्वी एकदाही पत्रव्यवहार झालेला नसतो. मजकूर तुटक इंग्रजीत असतो, मालकाच्या नावाऐवजी नुसतं ‘महोदय’ लिहिलेलं असतं, दर तातडीने कळवा अशी घाई असते आणि सोबत झिप केलेली ड्रॉइंगची फाइल असते. कास्टिंगची नवी चौकशी अशीच येते. हळदीच्या निर्यातदाराला येणारी आखाती व्यापाऱ्याची चौकशी किंवा यंत्रमागाच्या सुट्या भागांसाठी आलेली विचारणाही याहून फार वेगळी नसते. आणि त्याच कंपनीच्या संगणकात शिरून हिशेबाच्या फाइली कुलूपबंद करणारा किंवा खंडणी मागणारा घातक मेल कसा दिसतो? तोही नेमका असाच दिसतो. अनोळखी पत्ता, घाई, पैशाचा उल्लेख आणि जोडलेली फाइल ही स्पॅमची सर्वमान्य लक्षणं आहेत, आणि नव्या गिऱ्हाइकाचीही हीच आहेत.

म्हणून कंपनीच्या मेल सर्व्हरवर स्पॅमची गाळणी बसवणं हे काम कोणत्या तरी सॉफ्टवेअरमध्ये खूण करून संपणारं नाही. गाळणी किती कडक ठेवायची, चुकली तर कोणत्या बाजूला चुकू द्यायची आणि तिने अडवलेल्या मेलचं पुढे काय करायचं, हे तिन्ही निर्णय धंद्याचे आहेत. या लेखाचं म्हणणं एका वाक्यात सांगता येईल: ज्या मेलबद्दल संशय आहे तो दारातच, कारण सांगून परत पाठवावा, पण एकदा ‘मिळाला’ म्हणून पोच दिली की तो कुणाच्याही नकळत टाकून देऊ नये. बाकीची सगळी तांत्रिक व्यवस्था या एका नियमाभोवती उभी करता येते, आणि तशी केली तर छोट्या कारखान्यालाही ती झेपते.

आधी साधा हिशेब करू. समजा एका कंपनीला दिवसाला ४०० मेल येतात आणि त्यातले निम्मे स्पॅम आहेत; जगभरचं प्रमाणही गेली काही वर्षं निम्म्याच्या आसपास फिरतं आहे. उरलेले २०० मेल खरे. आता विक्रेता सांगतो की आमची गाळणी ९९ टक्के अचूक आहे. ऐकायला हे फार चांगलं वाटतं. पण खऱ्या मेलपैकी एक टक्का जरी चुकून अडला, तरी रोज दोन आणि कामाच्या ३०० दिवसांत ६०० खरे मेल गडप होतात. यावर कुणी म्हणेल की ज्याचा मेल अडला तो फोन करेल. जुनं गिऱ्हाईक करतंच, कारण त्याच्याकडे नंबर असतो आणि ओळखही असते. पण गाळणीच्या चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. रोजच्या पत्रव्यवहारातल्या माणसाचा मेल ती क्वचितच अडवते. तिच्या चुका पहिल्यांदाच लिहिणाऱ्या, दूरच्या, फाइल जोडणाऱ्या माणसावर पडतात. तो फोन करत नाही. त्याने अशाच आणखी पाच-सहा कारखान्यांना लिहिलेलं असतं, आणि ज्याचं कोटेशन आलं त्याच्याकडे तो जातो. हरवलेल्या ऑर्डरची नोंद कुठल्याच वहीत होत नाही, त्यामुळे हे नुकसान मालकाला कधी दिसतही नाही. स्पॅमचा एखादा मेल आत शिरला तर सगळे ओरडतात. खरा मेल गेला तर कुणाला कळतच नाही. गाळणी दिवसेंदिवस कडक होत जाते ती या विषम दबावामुळे.

ही अडचण मुळात का आली, तर मेल पोचवण्याचा जो करार आजही जगभर चालतो तो भरवशाच्या माणसांच्या लहान वर्तुळासाठी लिहिला गेला होता. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये एसएमटीपी हा नियमसंच मांडला, त्यात पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव खरं सांगितलं की खोटं हे तपासण्याची सोयच नव्हती. धोका त्यांना माहीत नव्हता असं नाही. नको असलेल्या संदेशांच्या प्रश्नावर पोस्टेल यांनीच १९७५ साली एक छोटं टिपण लिहिलं होतं, आणि ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वीच्या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना संगणकांची जाहिरात एकदम पाठवून तो प्रश्न प्रत्यक्षातही आणला होता. पण त्या काळी सोय महत्त्वाची होती. नंतरच्या चाळीस वर्षांत जे काही झालं ते या मोकळ्या दाराला एकामागून एक कड्या बसवण्याचं काम आहे.

हे दार कसं चालतं ते समजलं की वरचा नियम का हवा हे आपोआप कळतं. कारखान्याच्या गेटवर वॉचमन वहीत नाव, गाडी नंबर आणि कुणाला भेटायचं ते लिहून घेतो, आणि मगच माणूस किंवा माल आत सोडतो. मेल सर्व्हरही तेच करतो. समोरचा सर्व्हर जोडणी करतो, आपलं नाव सांगतो, मग पाठवणारा कोण, मिळणारा कोण हे सांगतो आणि शेवटी मजकूर देतो. या प्रत्येक पायरीवर आपला सर्व्हर तीनपैकी एक उत्तर देऊ शकतो. दोनपासून सुरू होणारा आकडा म्हणजे मान्य, चारपासून सुरू होणारा म्हणजे आत्ता नाही, पुन्हा या, आणि पाचपासून सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. पाचचा नकार मिळाला की पाठवणाऱ्याचा सर्व्हर त्या माणसाला ‘तुमचा मेल पोचला नाही’ असं कळवतो, आणि आपण दिलेलं कारणही त्यात येतं. खऱ्या गिऱ्हाइकाला ते वाचून फोन करता येतो किंवा दुसऱ्या पत्त्यावरून लिहिता येतं. संपूर्ण मजकूर घेतल्यावर मात्र आपण २५० हा आकडा दिला, की त्या मेलची जबाबदारी आपली झाली. एसएमटीपीची २००८ सालची सुधारित आवृत्ती हे स्पष्ट सांगते: एकदा स्वीकारलेला मेल किरकोळ कारणाने हरवता कामा नये; तो पोचवायचा, नाहीतर पोचला नाही असं कळवायचं.

इथे एक फाटा लक्षात ठेवायला हवा. मेल आधी आत घेऊन, नंतर तपासून, स्पॅम निघाला म्हणून उलट ‘नाकारला’ असा मेल धाडणं हे दारातच नाकारण्यापेक्षा फार वाईट. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा चोरलेला असतो, त्यामुळे तो नकार कुणा तिऱ्हाइताच्या माथी जातो, आणि असे शेकडो नकार गेले की आपलाच सर्व्हर स्पॅम पाठवणारा म्हणून काळ्या यादीत जाऊन बसतो. तेव्हा तपासणी जोडणी चालू असतानाच, २५० म्हणण्याआधी, व्हायला हवी. पोस्टफिक्ससारख्या सर्व्हरला आरस्पॅमडीसारखी गाळणी ‘मिल्टर’ या पद्धतीने जोडली की मजकूर वाचूनही दारातच नकार देता येतो.

आणि हा फक्त शिष्टाचाराचा मुद्दा नाही, कायद्याचाही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम १३ नुसार, उभयतांनी वेगळं काही ठरवलं नसेल आणि मिळणाऱ्याने मेलसाठी एखादी संगणक व्यवस्था नेमून दिली असेल, तर मेल त्या व्यवस्थेत शिरला त्या क्षणी तो मिळाला असं धरतात. तो कुणी वाचला का, तो इनबॉक्समध्ये गेला की जंक फोल्डरमध्ये, याचा तिथे उल्लेख नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्यात नोंदणीच्या वेळी दिलेल्या मेल पत्त्यावर पाठवणं ही एक आहे. म्हणजे जंकमध्ये पडून राहिलेल्या नोटिशीची मुदत चालू होऊ शकते, आणि गिऱ्हाइकाने मालाबद्दल मुदतीत केलेली लेखी तक्रार आपल्या गाळणीने लपवली तरी ती ‘मिळालेली’च ठरू शकते. गाळणीने गिळलेला मेल कंपनीला दोन्हीकडून बाधतो: कायद्याने तो मिळाला, आणि प्रत्यक्षात तो कुणी पाहिला नाही. दारात नाकारलेल्या मेलला हा धोका फार कमी आहे, कारण पाठवणाऱ्याला तो पोचला नसल्याचं कळलेलं असतं.

आता प्रत्यक्ष बसवणीकडे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निर्धोक तपासण्या आधी ठेवाव्यात, म्हणजे मजकूर वाचण्याची वेळ थोड्याच मेलवर येते. स्पॅम पाठवणारे बहुतेक प्रोग्राम घाईत असतात. सर्व्हरचं स्वागताचं वाक्य पुरं होण्याआधीच ते बोलायला लागतात. पोस्टफिक्समधली पोस्टस्क्रीन ही सोय नेमकी ही घाई पकडते: ती अर्धवट स्वागत करून सहा सेकंद थांबते, आणि जो या काळात बोलला तो खरा मेल सर्व्हर नव्हे. या चाळणीत खरा सर्व्हर सापडणं फार दुर्मिळ. त्यानंतर समोरच्याचा आयपी पत्ता स्पॅमहाउससारख्या संस्थेच्या यादीत आहे का हे विचारायचं. १९९८ पासून चालणाऱ्या या संस्थेकडे स्पॅम पाठवणाऱ्यांचे, विषाणूबाधित संगणकांचे, आणि ज्यावरून थेट मेल येणंच अपेक्षित नाही अशा घरगुती जोडण्यांचे पत्ते वेगवेगळे नोंदलेले असतात. ही एक विचारणा निम्म्याहून अधिक कचरा दारातच थोपवू शकते.

याच पायरीवर मात्र एक खड्डा आहे आणि लहान कंपन्या त्यात हमखास पडतात. यादीची विचारणा डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटवरची नावं आणि पत्ते जुळवून देणाऱ्या व्यवस्थेतून होते. सर्व्हरवर गूगलचा किंवा दुसरा कुठला सार्वजनिक डीएनएस लावलेला असेल, तर स्पॅमहाउस त्या वाटेने आलेल्या प्रश्नांना खरं उत्तर देत नाही; ‘ही विचारणा मान्य नाही’ अशा अर्थाचा वेगळा सांकेतिक आकडा परत पाठवतं. सर्व्हरला तो आकडा ओळखायला सांगितलेलं नसेल तर तो त्याचा अर्थ ‘पत्ता काळ्या यादीत आहे’ असाच लावतो, आणि जगातला प्रत्येक मेल नाकारू लागतो. यावर उपाय सोपा आहे: मेल सर्व्हरवरच स्वतंत्र डीएनएस रिझॉल्व्हर चालवावा, कोणता आकडा म्हणजे नकार हे नेमकं लिहून द्यावं, आणि व्यावसायिक वापरासाठी त्या यादीच्या अटी वाचून लागेल तर पैसे भरावेत.

ग्रेलिस्टिंग नावाची एक युक्ती २००३ साली इव्हान हॅरिस यांनी मांडली. अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा चारचा आकडा देऊन ‘थोड्या वेळाने या’ म्हणायचं. खरा सर्व्हर काही मिनिटांनी पुन्हा येतो, स्पॅमवाला बहुधा येत नाही. कल्पना सुंदर होती, आणि खरा मेल त्यात हरवत नाही, फक्त उशिरा येतो. पण आज बँकेचा ओटीपी मेलवर येतो आणि काही मिनिटांत शिळा होतो, शिवाय मोठ्या कंपन्या दुसऱ्या खेपेला वेगळ्याच आयपी पत्त्यावरून येतात. म्हणून ग्रेलिस्टिंग सरसकट लावू नये. मजकुराबद्दल थोडा संशय असलेल्या मेलपुरतं ते ठेवावं.

पाठवणारा खरंच तो आहे का, हे तपासण्यासाठी तीन नोंदी लागतात आणि त्यांची नावं आता कारखान्यांच्या कचेऱ्यांतही ऐकू येतात: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. माझ्या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरनी मेल पाठवावा याची यादी एसपीएफमध्ये असते. डीकेआयएम ही मेलवरची सांकेतिक सही. वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. डीमार्क या दोन्हींचा निकाल समोर दिसणाऱ्या ‘प्रेषक’ पत्त्यातल्या डोमेनशी ताडून पाहतो, आणि जुळलं नाही तर काय करायचं हे डोमेनच्या मालकालाच ठरवू देतो. येणाऱ्या मेलसाठी या तपासण्या उपयोगी आहेतच, पण कारखानदाराचा त्यात दुसरा, कदाचित मोठा, स्वार्थ आहे. आपलं कोटेशन गिऱ्हाइकाच्या जंकमध्ये पडू नये असं वाटत असेल, तर आपल्या डोमेनवर या नोंदी हव्यातच. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी सगळ्याच पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं केलं, आणि दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी. नोंद करण्याआधी कंपनीच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं याची यादी करावी लागते: मेल सर्व्हर, बिलं पाठवणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा चौकशी-फॉर्म, पगारपत्रकं पाठवणारी सेवा. यातलं एक जरी विसरलं तर आपलीच बिलं खोटी ठरतात. म्हणून डीमार्क आधी नुसतं पाहणीपुरतं ठेवतात, येणारे अहवाल काही आठवडे वाचतात, आणि मगच नकारापर्यंत जातात. कंपनीचे सगळे मेल स्वतःच्या खासगी जीमेलवर वळवण्याची अनेक मालकांची सवयही इथे नडते: वळवलेल्या मेलवर एसपीएफ मोडतो, आणि सोबत वळलेल्या स्पॅममुळे आपलाच सर्व्हर जीमेलच्या नजरेत संशयित होतो.

इतक्या चाळण्यांतून उरलेल्या मेलचा मजकूर वाचण्याची पाळी आता येते, आणि कुपवाडची गाळणी जगातल्या इतर गाळण्यांपेक्षा वेगळी व्हायला हवी ती इथेच. स्पॅमअसॅसिन किंवा आरस्पॅमडी मेलला गुण देतात. प्रत्येक संशयास्पद खुणेला थोडे गुण, चांगल्या खुणेला उणे गुण, आणि बेरीज ठरावीक आकड्यापुढे गेली की कारवाई. स्पॅमअसॅसिनचा मूळचा आकडा ५ आहे. आरस्पॅमडी सहाला शेरा मारतं आणि पंधराला नाकारतं. या बेरजेत बेझच्या सूत्रावर चालणारा भाग सगळ्यात मोलाचा. अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या विचाराचा स्पॅमवर असा उपयोग करण्याची कल्पना पॉल ग्रॅहम यांच्या ऑगस्ट २००२ मधल्या लेखामुळे सर्वदूर पोचली. समजा एका फाउंड्रीच्या १,००० खऱ्या मेलपैकी ३०० मध्ये ‘कास्टिंग’ हा शब्द आहे आणि १,००० स्पॅमपैकी फक्त २ मध्ये. मग बाकी काही माहीत नसताना, हा शब्द असलेला मेल स्पॅम असण्याची शक्यता ३०२ पैकी २, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. उलट ‘पेमेंट’ हा शब्द २५० खऱ्या आणि ३०० स्पॅम मेलमध्ये असेल तर तो काहीच सांगत नाही. असे कित्येक शब्द मिळून निकाल ठरतो. म्हणजे गाळणीचं ज्ञान आपल्या स्वतःच्या मेलमधून आलं पाहिजे. परदेशातल्या कचेऱ्यांच्या मेलवर शिकलेल्या गाळणीला ग्रेड, पॅटर्न, मशीनिंग अलाउन्स यांची खरी किंमत कळत नाही.

मराठीचा प्रश्न यात मिसळला की गुंता आणखी वाढतो. आपल्याकडचा रोजचा पत्रव्यवहार पुष्कळदा रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीत होतो: साहेब, रेट पाठवा, माल उद्या निघेल, चलन सोबत जोडलंय. हे ना इंग्रजी, ना देवनागरी मराठी. शब्दकोशात नसलेले शब्द आणि प्रत्येकाचं वेगळं स्पेलिंग हे बाहेर शिकलेल्या गाळणीला मुद्दाम तोडलेल्या स्पॅमच्या शब्दांसारखं वाटू शकतं. ‘नको असलेल्या भाषा’ गाळणारी जी सोय असते, ती न बघता चालू केली तर देवनागरी मेलचाही बळी जातो. स्पॅमअसॅसिनचा बेझ-भाग किमान २०० खरे आणि २०० स्पॅम मेल दाखवल्याशिवाय काम सुरूच करत नाही, पण तेवढ्यावर थांबू नये. विक्री, खरेदी, हिशेब आणि डिस्पॅच या चारही टेबलांवरचे जुने खरे मेल त्याला दाखवावेत; गेल्या काही वर्षांत ज्या चौकशीतून खरी ऑर्डर निघाली ते पहिले मेल तर आवर्जून. शिकवण्याचा अधिकार मात्र जपून द्यावा. देणेकऱ्याने धाडलेलं पैशाचं स्मरणपत्र कुणी वैतागून ‘स्पॅम’ म्हणून टाकलं, तर गाळणी तेच शिकते आणि पुढच्या वेळी पुरवठादाराचा खरा मेल अडवते.

‘नेहमी आत सोडा’ या यादीबद्दलही इथेच सांगायला हवं. ओळखीच्या गिऱ्हाइकांचे पत्ते त्यात घालावेसे वाटणं साहजिक आहे, पण पत्ता कुणीही खोटा लिहू शकतो, म्हणून सवलत द्यायची ती एसपीएफ किंवा डीकेआयएम जुळला तरच. आणि स्वतःच्या कंपनीचं डोमेन त्या यादीत कधीही घालू नये. मालकाच्या नावाने हिशेबनीसाला ‘एवढे पैसे लगेच पाठवा’ असं सांगणारा खोटा मेल त्याच उघड्या वाटेने आत येतो. फाइलींच्या बाबतीत नियम सरळ ठेवता येतो: चालणारे प्रोग्राम, स्क्रिप्ट, डिस्क इमेज दारातच नाकारावेत, ड्रॉइंग आणि पीडीएफ येऊ द्यावेत. आकाराची मर्यादाही तपासावी. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा सुमारे १० एमबी आहे, आणि मेलमध्ये जोडताना फाइल एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे साडेसात एमबीहून मोठं ड्रॉइंग परत जातं आणि दोष मात्र स्पॅमच्या गाळणीला लागतो.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा: ज्या फसवणुकीत खरे मोठे पैसे जातात ती या गाळणीत सापडतच नाही. हा आक्षेप खरा आहे. २०१५ साली मुंबईत उघडकीस आलेल्या प्रकरणात ओएनजीसीच्या डोमेनमधली दोन अक्षरं उलटसुलट करून, ‘एनजी’च्या जागी ‘जीएन’ असलेला पत्ता बनवला गेला आणि नाफ्त्याच्या व्यवहारातले सुमारे १९७ कोटी रुपये भलत्याच खात्यात वळवल्याची तक्रार झाली. असं जुळं डोमेन विकत घेणारा त्यावर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं व्यवस्थित लावू शकतो; तपासणीत तो ‘खरा’च ठरतो, कारण तो त्या डोमेनचा मालक असतोच. टेक्निमाँट या इटालियन कंपनीच्या मुंबईतल्या शाखेकडून नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे १३० कोटी रुपये काढून घेतले गेले, ते मूळ कंपनीच्या प्रमुखासारखे दिसणारे मेल आणि पाठोपाठ बनावट फोन-बैठका यांच्या जोरावर. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची सप्टेंबर २०२२ मधली एक कोटीहून अधिक रकमेची फसवणूक तर मेलने नव्हे, व्हॉट्सॲपवरच्या संदेशाने झाली. पण या आक्षेपातून गाळणी निरुपयोगी आहे असं निघत नाही. ती किती करू शकते याची हद्द निघते. जुळं डोमेन नाकारणं गाळणीला जमत नसलं तरी ओळखीच्या डोमेनशी एक-दोन अक्षरांनी वेगळा, पहिल्यांदाच आलेला पत्ता तिला दाखवता येतो आणि विषयाच्या ओळीत ‘नवा प्रेषक’ असा शेरा मारता येतो. पुढचं काम माणसाचं: बँक खातं बदलल्याचा मेल आला की आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांत कळवलेलं उपयोगी पडतं. आणि दिवसाला २०० कचऱ्याचे मेल चाळून थकलेल्या हिशेबनीसाला ‘जीएन’ आणि ‘एनजी’ यातला फरक दिसणार नाही. त्याची नजर ताजी ठेवणं हेच गाळणीचं काम.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. एवढा उपद्व्याप कशाला, गूगल किंवा मायक्रोसॉफ्टची सेवा घ्यावी. ज्या कंपनीत सर्व्हर सांभाळायला माणूस नाही तिने तसंच करावं, यात कमीपणा काही नाही. विजेचा लपंडाव, आयपी पत्त्याची पत, रात्री बंद पडलेला सर्व्हर या काळज्या त्यामुळे जातात. पण वर मांडलेले निर्णय त्याने सुटत नाहीत. डोमेनवरच्या तीन नोंदी आपल्यालाच कराव्या लागतात, जंकमध्ये काय पडलं हे आपल्यालाच पाहावं लागतं, आणि नव्या गिऱ्हाइकाची चौकशी व खंडणीचा सापळा यातला फरक त्या कंपन्यांनाही आपोआप कळत नाही. उलट भाड्याच्या सेवेत दारातला नकार आणि जंक यांच्यातला समतोल ठरवण्याची मुभा थोडी कमी असते, म्हणून जंक रोज वाचण्याची शिस्त जास्तच लागते.

आमचा कारखाना लहान, आमच्यावर कोण टपलंय, असंही म्हटलं जातं. स्पॅम पाठवणारा कुणाला निवडत नाही. तो पत्त्यांच्या याद्या विकत घेतो आणि सगळ्यांना पाठवतो. लहान कंपनीचा सोपा पासवर्ड सापडला की तिच्याच सर्व्हरवरून हजारो मेल बाहेर जातात, आणि दुसऱ्या दिवशी तिचं एकही कोटेशन कुठे पोचत नाही. म्हणून जाणाऱ्या मेललाही ताशी मर्यादा घालावी. नोंदीही सांभाळाव्यात: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक व्यवस्थेचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवायच्या आहेत. कर्मचाऱ्यांचे मेल यंत्राने वाचले जातात ही हरकतही रास्त आहे. त्यासाठी काय तपासलं जातं आणि अडवलेला मेल कोण उघडू शकतो हे लेखी सांगून टाकावं, आणि ती मुभा दोघांपलीकडे देऊ नये.

राहतो तो मधला पट्टा: नाकारण्याइतका वाईट नाही, इनबॉक्सइतका चांगला नाही. तो जंकमध्ये जातो, आणि वर सांगितलेला नियम पाळायचा तर तो रोज कुणीतरी पाहायला हवा. हे काम संगणकवाल्याला देऊ नये. सहा आणि पंधरा गुणांच्या मधल्या मेलमध्ये ऑर्डर आहे की सापळा, हे त्याला कळत नाही. विक्री पाहणाऱ्या माणसाला विषयाची ओळ वाचूनच कळतं. सर्व्हरने सकाळी अडवलेल्या मेलची यादी त्याला धाडावी, नुसते प्रेषक आणि विषय, आणि त्याने दहा मिनिटांत ती पाहून खरे मेल सोडवावेत. सोडवलेला प्रत्येक मेल गाळणीला ‘हा खरा’ म्हणून परत शिकवला जावा. एकट्या कारखान्याला हे जड जात असेल तर कुपवाडमध्ये कृष्णा व्हॅली चेंबरसारखी उद्योजकांची संघटना आहे. शेजारच्या दहा-बारा कारखान्यांनी मिळून एक जाणता माणूस आणि एक रिझॉल्व्हर ठेवला तरी पुष्कळ काम होईल, फक्त प्रत्येकाची बेझची वही वेगळी ठेवावी, कारण फाउंड्रीचे शब्द हळदीच्या निर्यातदाराच्या उपयोगाचे नाहीत. आणि सुरुवातीचा महिनाभर मजकुराच्या गाळणीने काहीही अडवू नये. फक्त गुण आणि शेरा लिहावा. महिनाअखेर पंधराच्या वर गुण मिळालेले सगळे मेल काढून विक्री विभागाने एकदा डोळ्यांखालून घालावेत. त्यात एक जरी खरी चौकशी सापडली तर आकडा वाढवावा आणि आणखी एक महिना थांबावं. सापडली नाही तरच दारातला नकार चालू करावा.